एकवीस गिअरांची सलामी

ग्वाल्हेर संस्थानाला २१ तोफांची सलामी होती. अख्ख्या हिंदुस्थानात हा मान पाचच संस्थानांना: हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, जम्मू-काश्मीर आणि आम्ही. इंदूरच्या होळकरांना १९. स्वतःच्या हद्दीत त्यांनाही २१ मिळत, पण हद्दीबाहेर पाऊल टाकलं की दोन तोफा गप्प. संस्थानं विलीन होऊन पाऊणशे वर्षं उलटली, तरी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत हा हिशेब अजून उघडाच आहे. म्हणून आमच्याकडे जेवताना अठरा गिअरांच्या सायकलीचा विषय निघाला, तेव्हा थोरल्या काकांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, “अठरा? म्हणजे इंदूरपेक्षाही कमी?”

अठरा गिअरांची सायकल तिथल्या तिथे बाद झाली. बिचारी चांगली होती.

सायकल घ्यायची हे ठरलं होतं, ती स्वस्तातली असावी हे बायकोनं ठरवलं होतं, आणि ती हार्डटेल असावी हे भाच्यानं. हार्डटेल म्हणजे डोंगरी सायकलीतला साधा प्रकार. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग, आणि मागचं चाक मात्र बापजाद्यांच्या सायकलीसारखं थेट सांगाड्यात बसवलेलं. पुढचं चाक खड्ड्यात गेलं तर धक्का स्प्रिंग खाते; मागचं गेलं तर पूर्वापार ज्यानं खायचा तोच खातो. मागेही स्प्रिंग असलेल्या सायकली मिळतात, अगदी दहा हजारांतही. त्यांच्याबद्दल शहाण्या लोकांचं एकमत आहे, की दहा हजारांत दोन स्प्रिंगा देणाऱ्यानं बाकी काहीच दिलेलं नसतं.

“ग्वाल्हेरला डोंगर कुठे आहेत?” असं पुण्याच्या आत्यानं फोनवर विचारलं. आत्याच्या घरातून सिंहगड दिसतो, त्यामुळे ती डोंगर या विषयावर अधिकारानं बोलते. आमच्याकडे डोंगर एकच आहे, हे खरं. पण तो गावाच्या मधोमध उभा आहे, तीनशेएक फूट उंच आहे, आणि त्याच्या माथ्यावर मानसिंह तोमरानं राजवाडा बांधून ठेवलाय. शिवाय डोंगरी सायकलीला डोंगरच लागतो असं नाही. आधी सांडपाण्याची नळी, मग पिण्याच्या पाण्याची, मग कसली तरी केबल, अशा तिघांनी एकच गल्ली पाळीपाळीनं खणली, की कंपू मोहल्ल्यापासून बाडा चौकापर्यंत जो भूभाग तयार होतो त्यावर कॅलिफोर्नियातले लोक तिकीट काढून येतील.

आणि उपयोगाचाच प्रश्न असेल, तर आमच्या गावाला तो विचारू नये. जयविलास महालातल्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी आहे. तिच्या डब्यांतून ब्रँडी आणि सिगार पाहुण्यांपुढून फिरत. शेजारी बसलेल्याला “जरा ती बाटली इकडे द्या” म्हणून भागलं असतं, तिथे ज्या गावानं रूळ टाकले, त्या गावात कोथिंबीर आणायला डोंगरी सायकल घेणं यात मला तरी काही गैर दिसत नाही.

सल्लागार तीन. घरात थोरले काका आणि भाचा, भिंतीपलीकडे शेजारचे भाईसाहब.

काकांच्या मते सायकल एकच: काळी, अठ्ठावीस इंची, सळईचे ब्रेक, चेनवर पूर्ण झाकण, मागे डायनॅमो. वजन वीस किलोच्या घरात. तिच्यावरून त्यांनी नोकरी केली, गॅसच्या टाक्या आणल्या आणि लग्नाआधी काकूला फुलबागेपर्यंत नेलं. (काकू म्हणतात, एकदाच, आणि चेन पडली होती.) भाच्याचं म्हणणं, काळी सायकल हा इतिहास झाला, आता चाक हवं एकोणतीस इंची. जुन्या डोंगरी सायकली सव्वीसच्या असत, आता साडेसत्तावीस आणि एकोणतीस. मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, वरून जातं. काकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. “आमची अठ्ठावीस होती,” ते म्हणाले. “एक इंच वाढवायला तुम्हाला एवढी वर्षं लागली?”

भाच्याकडे उत्तर नव्हतं. असणारही नाही, कारण काळ्या सायकलीची रिम एकोणतीस इंची म्हणवणाऱ्या सायकलीच्या रिमेपेक्षा खरोखरच किंचित मोठी असते. एकोणतीस हा आकडा भरतो तो जाड टायरमुळे. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही. घरात शांतता असलेली बरी.

भाईसाहबांची पद्धत वेगळी. ते कुठल्याही वस्तूला नावं ठेवत नाहीत, फक्त म्हणतात, “दो हज़ार और डालो.” आठ-नऊ हजारांची लोखंडी सांगाड्याची सायकल पाहिली. “ठीक है. दो हज़ार और डालो, डिस्क ब्रेक आ जाएगा.” डिस्क ब्रेकवाली पाहिली. “बढ़िया. बस दो-तीन हज़ार और, एलॉय का फ्रेम.” अॅल्युमिनियमचा सांगाडा पाहिला. आता तारेनं ओढल्या जाणाऱ्या डिस्कऐवजी तेलाच्या दाबावर चालणारी डिस्क. मग स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा चिमटा. प्रत्येक पायरी इतकी रास्त, की नाही म्हणणाऱ्याला आपणच कंजूस वाटावं. अशा रीतीनं त्यांनी मला चाळीस हजारांपर्यंत हात धरून नेलं, आणि तिथे पोचल्यावर, माडीवर नेऊन शिडी काढून घ्यावी तसं, म्हणाले, “इतने में तो भाईसाहब, पुरानी स्कूटी आ जाए.”

स्वतः ते स्कूटीनंच फिरतात. सायकल त्यांनी शाळा सुटल्यापासून चालवलेली नाही.

मग आम्ही दुकान पाहिलं. बाड्याहून फुटणाऱ्या गल्ल्यांपैकी एकीत सायकली छताला उलट्या टांगलेल्या, खाली रांगेत उभ्या, आणि रंग असे की होळी आटोपून थेट इकडे आल्यासारख्या. किमतीच्या चिठ्ठ्यांवर ९,९९९, १२,४९९, १५,९९९. आमच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. २७० हात लांबीची बाग आणि रोजच्या ५० माळा देवाला दिल्याची त्यात नोंद आहे, आणि दोन्ही आकड्यांतलं शून्य दगडावर स्वच्छ गोल कोरलेलं आहे. देशातल्या जुन्यात जुन्या शून्यांपैकी ते एक. जगभरचे गणिती ते बघायला चढ चढून येतात. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी किंमत शून्यावर संपवायला आज एकही दुकानदार तयार नाही.

ग्वाल्हेरचं गिऱ्हाईक हार्डटेलची परीक्षा ठरलेल्या रीतीनं घेतं. हँडल दोन्ही हातांनी धरायचं, अंगातलं सगळं वजन टाकून चिमटा दोनदा दाबायचा, मान हलवायची आणि सोबत आलेल्याकडे बघायचं. सोबतच्यानंही एकदा दाबायचा. परीक्षा संपली. जयविलासमधली दोन झुंबरं साडेतीन-साडेतीन टनांची. ती टांगण्याआधी छत पेलतं की नाही हे बघायला जयाजीराव शिंद्यांनी छतावर हत्ती चढवले होते, असं तिथला प्रत्येक वाटाड्या सांगतो. तपासणीची ही परंपरा १८७४ नंतर आमच्यात क्षीण होत गेली, असं म्हणावं लागतं.

कारण दाबल्यावर चिमटा खाली जातो यात कौतुक काहीच नाही. स्प्रिंगच ती, खाली जाणारच. प्रश्न ती वर कशी येते हा. महागड्या चिमट्यात तेल असतं. ते स्प्रिंगला हळू सोडतं, धक्का जिरवतं. स्वस्त चिमट्यात नळीत नळी आणि आत एक स्प्रिंग, एवढाच संसार. ती धक्का जिरवत नाही, उसना घेते आणि लगेच परत करते. शिवाय वजन अडीच किलोच्या आसपास. सपाट रस्त्यावर उभं राहून पायडल मारलं, की पायातला जोर आधी चिमटा दाबण्यात जातो, उरलेला चाकात. म्हणून जरा बऱ्या सायकलीत चिमट्याच्या टोकाला एक खटका असतो. तो फिरवला की स्प्रिंग बंद. थोडक्यात, पैसे देऊन स्प्रिंग घ्यायची, आणि आणखी पैसे देऊन ती बंद करायची सोय घ्यायची.

“लॉक है इसमें?” भाच्यानं विचारलं.

“सब है भाईसाहब,” दुकानदार म्हणाला. त्याच्या दुकानात प्रत्येक सायकलीत सब होतं. मोजमापही एकच होतं. हार्डटेलचे सांगाडे पंधरा, सतरा, एकोणीस इंच अशा मापांत येतात आणि उंचीप्रमाणे घ्यायचे असतात. दांडी दोन पायांत घेऊन उभं राहिलं तर मध्ये दोनेक इंच मोकळी जागा राहावी, हा साधा नियम. ती न राहिल्यास काय होतं हे पहिल्या अचानक ब्रेकला कळतं, आणि मग नियम कायमचा पाठ होतो. आमच्या भाच्याची उंची सहा फूट, काकांची सव्वापाच. दोघांनाही दुकानदारानं एकच सायकल दाखवली. “मीडियम है. सबको आता है.”

गिअरांवर बरीच घासाघीस झाली. पुढे तीन दातऱ्या, मागे सात. तीन साता एकवीस. आता यात एक गोम आहे. पुढची लहान आणि मागची लहान अशी जोडी जुळवली, की जो वेग मिळतो तोच पुढची मधली आणि मागची मधली धरूनही मिळतो. कागदावर भागाकार करून बघितलं तर एकवीसपैकी खरे वेगळे बारा-तेराच निघतात. बाकीचे थोड्याफार फरकानं पुन्हा तेच. काही जोड्यांत तर चेन इतकी तिरकी जाते की कण्हते. मी हा हिशेब जेवणानंतर काकांपुढे मांडला. बारा तोफा, आणि उरलेला किल्ल्याच्या तटावरून येणारा प्रतिध्वनी. त्यांना तो आवडला नाही. “प्रतिध्वनीसुद्धा आपलाच असतो,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात इंदूरच्या मावशीचा फोन आला. तिच्या नातवाच्या सायकलीला चोवीस गिअर आहेत. ही बातमी काकांपासून लपवायचा आम्ही प्रयत्न केला, पण फोन स्पीकरवर होता. काकांनी खोलीतूनच विचारलं, “इंदूरच्या हद्दीत चोवीस. बाहेर किती?”

दुकानांतून फिरून जे कळलं नाही ते उस्तादांकडे कळलं. उस्ताद म्हणजे कंपूतले सायकलचे मिस्त्री. लिंबाखाली एक पेटी, पाण्याची परात, टायरांची माळ आणि खांबाला लटकलेला पंप. आमच्या गावात उस्ताद हा शब्द दोनच ठिकाणी मनापासून वापरला जातो, गाण्यात आणि पंक्चरच्या दुकानात. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकायला थेट दक्षिणेतून इथवर आले होते. सायकलीचं चाक सरळ करायला मुरारहून लोक आमच्या उस्तादांकडे येतात. घराण्याचा अभिमान दोन्हीकडे सारखाच. दुसऱ्यानं सरळ केलेलं चाक समोर आलं, की उस्ताद ते फिरवतात, डोळे मिटून घेतात आणि म्हणतात, “बेसुरा है.”

त्यांच्याकडे भाच्याच्या मित्राची एक वर्षभर चालवलेली हार्डटेल दुरुस्तीला आली होती. उस्तादांनी तिच्यावरच आमची शिकवणी घेतली.

“जे देखो,” म्हणत त्यांनी पुढचा ब्रेक धरला आणि सायकल पुढेमागे हलवली. हँडलच्या मुळाशी कट्-कट् असा आवाज आला. तिथल्या वाट्या ढिल्या. दुकानात ब्रेक धरून असं हलवलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मग चाक उचलून फिरवलं आणि बोट चिमट्याला टेकवून रिमेजवळ नेलं. रिम बोटाला एकदा शिवे, एकदा सोडून जाई. मग दोन-दोन तारा चिमटीत दाबल्या. काही ताठ, काही मऊ. मग पायडलचा दांडा धरून आडवा हलवला. मग मागच्या गिअरची साखळी ओढणारं यंत्र मागून, चाकाच्या रेषेत डोळा लावून बघायला लावलं. ते ज्या छोट्या पत्रीला लटकलेलं असतं ती आत वाकलेली होती. सायकल एकदा उजव्या अंगावर पडली की ती वाकते, आणि मग गिअर टाकावा तो पडत नाही, नको तो पडतो. गिऱ्हाईक म्हणतं गिअर खराब. गिअर ठीक असतो, पत्री वाकडी असते. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर ही पत्री सुटी स्क्रूनं लावलेली असते, म्हणजे शंभर-दोनशे रुपयांत बदलता येते. घेताना ती सुटी आहे की नाही एवढं बघावं.

“और जे डिस्क?” मी विचारलं.

डिस्कबद्दल उस्तादांचं मत असं, की ती पावसात उत्तम आणि किल्ल्याच्या उतारावर उत्तम. पण स्वस्तातली तारेची डिस्क सारखी जुळवावी लागते, नाहीतर चाकाला घासत राहते आणि मालक म्हणतो सायकल जड चालते. रबराचे साधे ब्रेक रिमेला धरतात. ते गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला जमतात, रबर पन्नास-शंभर रुपयांत मिळतं. फक्त रिम सरळ हवी. आणि रिम सरळ नसतेच, कारण दुकानदारानं खोक्यातून काढून अर्ध्या तासात सायकल जोडलेली असते. छर्ऱ्यांत ग्रीस आहे की नाही हे कारखान्याला माहीत, की देवाला.

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. सायकलीची किंमत कारखान्यात आधी ठरते, सायकल नंतर. पंधरा हजारांत दिसण्याजोगं जेवढं घालाल, तेवढं न दिसणाऱ्यातून वजा होतं. लोक चिमटा बघतात, डिस्क बघतात, गिअर मोजतात; म्हणून चिमटा जाड, डिस्क चकचकीत, गिअर एकवीस. हब कोण उघडून बघतं? रिम एका भिंतीची की दोन भिंतींची, हे कोण विचारतं? मागच्या दातऱ्या फ्रीव्हीलवर आवळलेल्या आहेत की कॅसेटवर, हे तर सोडाच. फ्रीव्हीलवाल्यात आसाचा आधार चाकाच्या आत राहतो, बाहेरचं टोक लांब आणि एकाकी. वजनदार माणसानं दोन-चार खड्डे चुकवले नाहीत की आस वाकतो. कॅसेटमध्ये आधार टोकापर्यंत जातो. पण कॅसेट झाकलेली, तिच्यावर स्टिकर चिकटवता येत नाही.

“जितनी चीज़ें कम, उतनी चूँ-चूँ कम,” उस्ताद म्हणाले, आणि परातीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधू लागले.

हे ऐकून माझं मत जवळजवळ पक्कं झालं होतं: पुढे एकच दातरी, मागे सात, चिमटा बिनस्प्रिंगचा, ब्रेक साधे. अशी सायकल त्याच पैशात केव्हाही हलकी आणि टणक मिळते. पण मी ग्वाल्हेरला राहतो. सात गिअर घेऊन मी घरात कुठल्या तोंडानं शिरणार होतो?

भाच्यानं मध्येच डोंगरी सायकलीचा इतिहास सांगितला. कॅलिफोर्नियात मरीन नावाच्या परगण्यात सत्तरच्या दशकात काही तरुण पोरांनी भंगारातल्या, १९३०-४० च्या, जाड टायरांच्या जुन्या सायकली उचलल्या आणि त्या डोंगरावरून खाली सोडल्या. उतार दोन मैलांच्या आसपास, घसरण १३०० फूट. पायडल उलटं दाबून लागणारा मागच्या हबमधला ब्रेक एवढा तापे, की आतल्या ग्रीसचा धूर निघून जाई आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला रीपॅक हे नाव पडलं. पुढे जो ब्रीझ नावाच्या गृहस्थानं या कामासाठी म्हणून वेगळा सांगाडा बनवला, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी दुकान काढलं, १९९६ ला अटलांटात हा खेळ ऑलिंपिकमध्ये गेला. म्हणजे आज पन्नास हजारांना, लाखाला विकली जाणारी ही जात मुळात भंगारातून उगवली, आणि स्प्रिंग तर तिला पुष्कळ नंतर फुटली.

“पहिली शर्यत कधी झाली?” काकांनी विचारलं.

“२१ ऑक्टोबर १९७६.”

“बघ,” काका म्हणाले.

खरेदीचा मुहूर्त हा शेवटचा अडथळा. भाईसाहबांचं म्हणणं, मेळा लागेपर्यंत थांबा. ग्वाल्हेरचा मेळा १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला, मुळात जनावरांचा. आता तिथे जनावरांपेक्षा मोटारींची गर्दी जास्त, कारण गेली काही वर्षं मेळ्यात घेतलेल्या गाडीला रस्ता करात निम्मी सूट मिळते. भोपाळ-जबलपूरचे लोक डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, धुक्यात, इथे येऊन गाड्या घेऊन जातात. आम्ही ग्वाल्हेरचे लोक तर मेळ्याच्या आधी घरातली जुनी गाडीही बिघडू देत नाही. पण सायकलीला रस्ता करच नाही. शून्याची निम्मी सूट किती होते हे चतुर्भुज मंदिरात लिहून ठेवलेलं नसलं, तरी तर्कानं काढता येतं. भाईसाहबांना ते पटलं नाही. “मेले में कुछ तो छूट देंगे,” ते म्हणाले. करच कमी व्हायचा असेल तर तो आधीच झाला होता: सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांचा ५ वर आला. हे सांगितल्यावर ते जरा गप्प झाले, आणि मग म्हणाले, “तो जो बचा, उतना और डालो.”

शेवटी घेतली ती अशी: अॅल्युमिनियमचा सांगाडा, साडेसत्तावीसची चाकं, दोन भिंतींची रिम, तारेची डिस्क, स्प्रिंगचा चिमटा आणि त्यावर तो खटका. मागे फ्रीव्हीलच, कॅसेटपर्यंत पोचायला आणखी दोन हजार टाकावे लागले असते आणि ते वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं. गिअर एकवीस. दुकानातून ती ढकलत थेट लिंबाखाली नेली. उस्तादांनी ती उलटी केली, सगळं उघडलं, छर्ऱ्यांना ग्रीस दिलं, दोन्ही चाकं फिरवून डोळे मिटले आणि तारा एकेक करत सुरात आणल्या.

घरी ओवाळणी झाली, चाकाखाली लिंबू झालं. काकांनी चष्मा लावून सायकलीभोवती एक फेरी मारली.

“मडगार्ड नाही.”

“नसतं, काका.”

“कॅरिअर नाही. स्टँड नाही. घंटी नाही. चेनला झाकण नाही.” ते थांबले. “पैसे पूर्ण दिलेस ना?”

पहिल्या रविवारी भाचा आणि मी ती उरवाई दरवाज्यानं किल्ल्यावर नेली. हा रस्ता अरुंद आणि उभा. मोटारींना एका वेळी एकाच बाजूनं सोडतात. दोन्ही अंगांना कातळात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती, सगळ्यांत मोठी ५७ फुटांची. पाचशेहून जास्त वर्षं त्या हात खाली सोडून निश्चल उभ्या आहेत. त्यांच्यासमोर मी पुढची सगळ्यांत लहान आणि मागची सगळ्यांत मोठी दातरी लावून, पायडल शिवणयंत्रासारखं फिरवत, चालणाऱ्या माणसापेक्षा सावकाश पुढे सरकत होतो. शेजारून एक आजी पूजेचं ताट घेऊन चालल्या होत्या. त्यांनी मला ओलांडलं, मग थांबून म्हणाल्या, “बेटा, उतर जा. कोई नहीं देख रहा.” मी उतरलो नाही. पुढच्या वळणावर उतरलो. येताना मात्र डिस्क उपयोगी पडली, आणि पडतेय हे सगळ्या घाटीला ऐकू गेलं. खाली बेडई-जिलेबी खाल्ली. व्यायामातून जे काही साधलं होतं ते तिथेच परत केलं.

हळूहळू काकांनी सायकल ताब्यात घेतली. आधी घंटी आली. मग स्टँड. डोंगरी टायर जाड, त्यामुळे मडगार्ड बसेना. उस्तादांनी पत्रा कापून बसवलं. कॅरिअरच्या पायाला डिस्कचा जबडा आडवा आला, तर त्याला वळसा घालून पट्टी वाकवली. मागे पिशवी, पुढे टोपली. सगळं मिळून वजन कुठे गेलं हे मी मोजलेलं नाही, पण परवा पायरीवरून चढवताना काळ्या सायकलीची आठवण आली. काका गुरुवारी तिच्यावरून दत्ताला जातात. एकच गिअर वापरतात, मधला मधला. बाकीच्या वीसांना त्यांनी हात लावलेला नाही. ते असणं पुरेसं आहे.

एका गोष्टीवरून मात्र आमचं जमत नाही. पुढचा चिमटा हलतो हे काकांना खपत नाही. “सायकल आहे की होयबा? सारखी मान डोलावते.” भाच्यानं त्यांना खटका दाखवला आणि तिथेच फसला. आता काका निघताना खटका बंद करतात, मी निघताना उघडतो, काका पुन्हा बंद करतात. स्वस्तातला खटका असा किती दिवस टिकणार? महिनाभरात तुटेल, असं उस्तादांनी आम्हा दोघांना वेगवेगळं बोलावून सांगितलं आहे. काकांना सांगताना ते म्हणाले, बंद स्थितीत तुटेल. मला म्हणाले, उघड्या. आम्ही दोघंही समाधानानं वाट बघतो आहोत.